टूल-वर्णन : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

मराठी समीक्षकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ही मंडळी कवितेकडे बघतात, कादंबरीकडे बघतात, अगदीच कुणी गळ्यात पडलं तर प्रवासवर्णनाकडेही बघतात. पण ज्या वाङ्मयावर माणसाचं रोजचं जगणं चालतं त्याकडे ढुंकून बघत नाहीत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, प्रेशर कुकरबरोबर येणारी पुस्तिका, रेल्वेच्या रिझर्व्हेशन फॉर्मवरच्या सूचना, यांवर कुणी प्रबंध लिहिल्याचं ऐकिवात नाही. बँकेच्या अर्जात 'लागू नसेल ते खोडावे' अशी चार शब्दांची एक ओळ असते. तिच्या आधारानं लोक नेमकं लागू असेल तेच खोडतात, हे मी गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूनं बघतो आहे. इतका दूरगामी परिणाम करणारी ओळ आपल्या किती कवींना साधली?

या उपेक्षित वाङ्मयात अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. त्याचं नाव टूल-डिस्क्रिप्शन. आपण टूल-वर्णन म्हणू. हे वाङ्मय माणसं लिहितात, पण माणसांसाठी लिहीत नाहीत. त्याचा वाचक म्हणजे एआय एजंट.

एजंट म्हटल्यावर आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे आधी विम्याचा एजंट उभा राहतो. हा तो नव्हे. हा घरी येत नाही, चहा घेत नाही आणि 'तुमच्या पश्चात वहिनींचं काय?' असा प्रश्न वहिनींच्या देखत विचारत नाही. हा एक प्रोग्रॅम आहे. त्याला काम सांगितलं की कोणतं टूल वापरायचं हे तो स्वतः ठरवतो आणि वापरून मोकळा होतो. ओपन-एआयनं जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलला अशी बाहेरची टूल्स जोडायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक सामायिक पद्धत जाहीर केली आणि मग जो तो आपापली टूल्स एजंटांपुढे मांडू लागला. यातली गोम अशी, की एजंटला टूलच्या पोटातला कोड सहसा दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, काय काय माहिती भरायची त्याचे रकाने, आणि ते वर्णन. तेवढ्यावर त्यानं संसार करायचा. पत्रिका आणि फोटो बघून लग्न ठरवण्याचा काळ संपला असं कोण म्हणतं?

मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर. साहित्याशी माझा शास्त्रशुद्ध संबंध कॉलेजातल्या 'बिझिनेस कम्युनिकेशन'च्या पेपरापुरता आला. पण आमचा भाचा पुण्यात सुरक्षेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि 'मामा, तू लिहितोस ना, मग एवढं जरा वाच,' असं म्हणून त्यानं एकतीस टूल-वर्णनं माझ्या हातात ठेवली. मामानं भाच्याचं ऐकलं नाही की काय होतं हे मथुरेपासून सर्वांना माहीत असल्यामुळे मी ती वाचली. त्या वाचनातून या वाङ्मयाचे काही संप्रदाय माझ्या ध्यानात आले.

पहिला संप्रदाय अल्पाक्षरी. याचा नमुना : 'होस्ट हाताळतो.' वर्णन संपलं. होस्ट म्हणजे जाळ्यावरचा एखादा संगणक, एवढं भाच्यानं सांगितलं. पण हाताळतो म्हणजे काय करतो? त्याची माहिती काढतो, का त्याला बंद करतो, का नुसताच पाठीवरून हात फिरवतो? आपल्या पूर्वजांनीही सूत्रं लिहिली, पण त्यांच्यामागून भाष्यकार येत. इथं भाष्यकारही एजंटच, आणि भाष्य लिहून तो थांबत नाही, त्याप्रमाणे करून टाकतो.

"अरे, टीममध्ये सगळ्यांना माहितीये हाताळतो म्हणजे काय ते," भाचा म्हणाला.

हेच तर दुखणं आहे. आमच्या शाखेतही 'ती फाईल नेहमीच्या जागी ठेव' असं म्हटलं की आम्हा सगळ्यांना कळतं. बदली होऊन नागपूरहून आलेल्या माणसाला कळत नाही. तो बिचारा दुपारपर्यंत फाईल काखेत धरून हिंडतो. एजंट रोज सकाळी नागपूरहून नव्यानं बदलून आलेला असतो. टूलचं वर्णन टीममधल्या नव्या माणसाला समजावून सांगितल्यासारखं लिहा, असा सल्ला अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी २०२५ मध्ये छापून दिला आहे. आमच्या शाखेत तो भिंतीवर लावायला हरकत नाही.

दुसरा संप्रदाय जाहिराती. 'अत्याधुनिक, सर्वसमावेशक तपासणीद्वारे धोक्यांचा समूळ नायनाट.' असलं वाक्य वाचताना तुम्हीआम्ही आपोआप पन्नास टक्के वजा करतो. आयुष्यभर केसांच्या तेलाच्या जाहिराती बघून ही वजाबाकी आपल्या अंगवळणी पडलेली असते. एजंटचे केस कधी गळलेले नसतात. तो दर्शनी किमतीला नोट स्वीकारतो, आणि शेजारचं साधं, प्रामाणिक टूल सोडून या भपकेबाजाकडे जातो.

तिसरा संप्रदाय जुळ्यातिळ्यांचा. 'सर्च लॉग्ज', 'क्वेरी इव्हेंट्स' आणि 'गेट अलर्ट्स' अशी तीन टूल्स. तिघांचंही वर्णन एकच : 'सुरक्षाविषयक माहिती आणतो.' प्रत्यक्षात पहिलं कच्च्या नोंदी आणतं, दुसरं त्या नोंदींवर संस्कार करून बनवलेल्या घटना आणतं आणि तिसरं फक्त ज्यांवर आधीच लाल शेरा पडलाय अशा भानगडी आणतं. आमच्या शाखेत तीन जोशी आहेत. आम्ही त्यांना कर्जवाले जोशी, कॅशवाले जोशी आणि रजेवरचे जोशी असं म्हणतो, म्हणून टपाल योग्य टेबलावर जातं. तिघांच्याही टेबलावर नुसतं 'जोशी, बँक' लिहिलं असतं तर सगळी पत्रं रजेवरच्या जोशींकडे गेली असती.

चौथ्या संप्रदायापाशी मात्र माझं हसू मावळलं. दोन टूल्स होती : 'क्वारंटाइन' आणि 'कंटेन'. दोन्हींचं वर्णन 'धोका रोखतो.' क्वारंटाइन एक संशयित फाईल उचलून वेगळी ठेवतं. कंटेन अख्खा संगणकच जाळ्यापासून तोडतं. भाच्याच्या हपिसात चाचणीसाठी मांडलेल्या खोट्या जाळ्यावर एजंटला एका फाईलचा बंदोबस्त करायला सांगितलं, तर त्यानं कंटेन निवडलं आणि संगणक तोडला. चाचणीचाच संगणक, कुणाचं काही बिघडलं नाही. मंडळी हसली आणि चहाला गेली.

मला मात्र महिन्याची पहिली तारीख दिसू लागली. आमच्याकडे त्या दिवशी पेन्शनवाले आठ वाजल्यापासून पायरीवर बसतात. एक आजी येतात, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल कनवटीला. त्यांच्या औषधांचा महिना त्या पासबुकातून सुरू होतो. तोडलेला संगणक शाखेचा असता तर मी त्यांना काय सांगितलं असतं? 'सिस्टिम डाऊन आहे, आजी, उद्या या.' एका वर्णनात 'हे टूल संगणकाचा सगळ्या जाळ्याशी संबंध तोडतं, त्यावर चाललेली कामं बंद पडतील, एका फाईलपुरतं काम असेल तर हे वापरू नये' एवढी ओळ नसल्यामुळे आजी रिक्षाचे पैसे घालून परत गेल्या असत्या. समीक्षेत 'शब्द जपून वापरावेत' असं म्हणतात त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

जपून वाचण्याचीही एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याच्या सूचना धाडल्या. त्यांतली २ कोटी डॉलरची एक सूचना श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावानं होती, आणि तीत 'फाउंडेशन'चं 'फंडेशन' झालं होतं. मधल्या बँकेत कुणाच्या तरी डोळ्याला ते खुपलं. विचारणा झाली आणि ती रक्कम वाचली. ८ कोटी १० लाख डॉलर तेवढे फिलिपिन्सला पोचले. त्या अनामिक वाचकाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. तो अडखळला. एजंटचं वैगुण्य असं, की तो फारसा अडखळत नाही. 'फंडेशन' वाचून तो बहुधा मोठ्या मनानं 'फाउंडेशन' समजून घेईल आणि पुढे जाईल. वाचक अडखळणारा नसला की सगळा भार लिहिणाऱ्यावर येतो.

आता या वाङ्मयातल्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. तो दोष म्हणजे 'काही सापडलं नाही' या वाक्याचा बेजबाबदार वापर.

आमच्या काउंटरवर 'पैसे नाहीत' या उत्तराचे तीन अर्थ होतात. एक, या नावाचं खातंच नाही. दोन, खातं आहे पण शिल्लक शून्य. तीन, सिस्टिम बंद असल्यामुळे शिल्लक दिसत नाही. गिऱ्हाईक तिन्ही वेळा रिकाम्या हातानं जातं, पण तिन्हींचा अर्थ एकच असं सांगणाऱ्या क्लार्कला मेमो मिळेल. सुरक्षेच्या टूलांमध्ये हा मेमो कुणी देत नाही. व्हायरस-टोटल नावाची प्रसिद्ध सेवा आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये गुगलनं घेतली. फाईल दिली की ती अनेक अँटिव्हायरसांचं मत एकत्र दाखवते. तिथं 'ही फाईल आमच्याकडे कधी आलीच नाही' हे एक उत्तर आहे आणि 'आली, पण कुणीही तिला वाईट म्हटलं नाही' हे दुसरं. अगदी ताज्या विषाणूच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं मिळू शकतात. टूल-वर्णनात जर नुसतं 'फाईल धोकादायक आहे का ते सांगतो' असं लिहिलं, तर एजंट दोन्ही उत्तरं 'सुरक्षित' या एकाच खात्यावर जमा करतो.

तेच एन-मॅपचं. हे टूल १९९७ पासून संगणकांची दारं ठोठावत आहे. या दारांना पोर्ट म्हणतात आणि ती ६५ हजारांवर असतात. वेगळं काही सांगितलं नाही तर एन-मॅप त्यांतली नेहमीच्या वापरातली १,००० ठोठावतं. वाड्याची पुढची दारं बघून 'सगळीकडे कुलूप आहे' असं सांगणाऱ्या गुरख्यासारखा हा प्रकार झाला असता. पण एन-मॅपच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय दार उघडं, दार बंद, याखेरीज 'फिल्टर्ड' असा एक शेरा आहे. त्याचा अर्थ, मध्ये कुणी तरी आड येतंय, दार उघडं की बंद ते सांगता येत नाही. मला हे अभिजात लेखन वाटतं. आपल्याला काय कळलेलं नाही हे इतक्या शांतपणे सांगणारे लेखक थोडे. त्यावर बेतलेल्या एका टूलच्या वर्णनात मात्र 'उघडे पोर्ट शोधतो' एवढे तीन शब्द उरले होते. मूळ ग्रंथ आणि शालेय संक्षिप्त आवृत्ती यांतला फरक!

रकान्यांची कथाही अशीच. 'हॅश द्या' असं लिहिलेलं असतं. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. तो एमडी-५ पद्धतीचा असेल तर ३२ अक्षरांचा, शा-१ असेल तर ४०, शा-२५६ असेल तर ६४. यांतला कोणता हवा? 'वेळ द्या' म्हणतात. कुणाच्या घड्याळाची? यंत्रातल्या नोंदी बहुधा यूटीसी म्हणजे जागतिक वेळेत ठेवतात, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. सकाळी दहाला पुण्यात झालेली चोरी यंत्राच्या वहीत पहाटे साडेचारला असते. एजंट दहाच्या पानावर बघतो, पान कोरं दिसतं, आणि तो लिहून मोकळा होतो : संशयास्पद काही नाही.

वर्णन आणि वस्तू यांचा मेळ हवा हे तर मुळाक्षर. चेकवर आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या १८ व्या कलमात आहे. (व्यवहारात आम्ही चेकच परत करतो. कायदा थोर, पण नोकरी आमची.) १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यांनीच नंतर छापलेल्या अहवालानुसार, साच्यात २१ रकाने सांगितले होते आणि प्रत्यक्ष किमती पुरवल्या जात होत्या २०. त्यात एआय एजंट कुठेही नव्हता; माणसांनीच जमवलं होतं. आमच्याकडे एक रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत येतो. तिथं विमानं जमिनीवर राहिली.

नुसते दोष दाखवून बाजूला होणारा समीक्षक मला आवडत नाही, म्हणून मी भाच्याबरोबर बसून एक वर्णन नव्यानं लिहिलं. मूळ वर्णन होतं : 'लॉगिन शोधतो.' नवं असं :

'गेल्या ३० दिवसांतल्या लॉगिनच्या नोंदी शोधतो. फक्त वाचतो, काहीही बदलत नाही. वेळ यूटीसीमध्ये द्यावी. एका खेपेला जास्तीत जास्त १०० नोंदी देतो; आणखी असतील तर तसं सांगतो. ३० दिवसांपूर्वीच्या नोंदी इथं नाहीत, त्यासाठी जुन्या नोंदींचं टूल वापरावं. नोंद मिळाली नाही म्हणजे लॉगिन झालं नाही असं समजू नये. त्या संगणकाकडून नोंदी येणं बंद झालेलं असू शकतं. शेवटची नोंद कधी आली ती वेळ उत्तरात दिली जाते.'

यात अलंकार नाहीत, पण 'नाही' आणि 'नये' मिळून चारपाच वेळा आलंय. माझ्या मते या वाङ्मयाची कसोटी हीच. टूल काय करतं हे कुणीही लिहील. ते काय करत नाही, कुठं थांबतं, आणि त्याच्या मौनाचा काय अर्थ लावू नये, हे लिहायला टूल मनापासून माहीत असावं लागतं. अर्थात पाल्हाळही नको. हे सगळं वर्णनवाङ्मय एजंटला कामाआधी वाचावं लागतं. एकतीस टूलांची एकतीस पानं झाली तर त्याची गत हेड ऑफिसची परिपत्रकं वाचणाऱ्या आमच्या मॅनेजरसाहेबांसारखी होईल : शेवटच्या पानापर्यंत जाता जाता पहिलं पान रद्द.

आणखी एक धोका आहे. एजंट वर्णन वाचतो तेव्हा माहिती कोणती आणि हुकूम कोणता, हे त्याला नीट वेगळं करता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेनं याचं प्रात्यक्षिक दाखवलं. दोन आकड्यांची बेरीज करणारं साधं टूल. पण त्याच्या वर्णनात एजंटसाठी सूचना दडवलेली, की आधी वापरणाऱ्याच्या संगणकातली गुप्त किल्ल्यांची फाईल वाच, ती बेरजेबरोबर पाठव, आणि हे त्याला सांगू नकोस. एजंटनं निमूटपणे ते केलं. नोटीस-बोर्डावर कुणीही 'कॅशिअरनं तिजोरी उघडी ठेवावी' असा कागद डकवावा आणि कॅशिअरनं ती उघडी ठेवावी, तशातली गत. म्हणून परक्याचं वर्णन पारखल्याशिवाय एजंटपुढे ठेवू नये, आणि आपल्या वर्णनात 'हे टूल नेहमी सर्वांत आधी वापरा' असले हुकूम घुसडू नयेत.

आणि कितीही सुरेख लिहिलं तरी शब्द म्हणजे कुलूप नव्हे. त्या सामायिक पद्धतीत 'हे टूल फक्त वाचतं', 'हे नासधूस करू शकतं' अशा खुणा वर्णनाला जोडता येतात, पण त्या केवळ सूचक आहेत, अनोळखी ठिकाणाहून आल्या तर भरवसा ठेवू नका, असं त्या नियमांतच म्हटलंय. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. दोघंही प्रामाणिक आहेत हे माहीत असूनही असतात. संगणक तोडण्यासारख्या कामाला दुसरी किल्ली माणसाच्या हाती असावी.

भाच्यानं नवी वर्णनं वर पाठवली. त्याच्या साहेबांनी शेरा मारला, की 'नकारात्मक सूर जास्त आहे, ग्राहकाला बरं दिसणार नाही.' भाच्यानं उत्तर दिलं, की ग्राहक हे वाचत नाही, एजंट वाचतो, आणि एजंटला बरंवाईट दिसत नाही. साहेब गप्प बसले. मग चाचणी पुन्हा झाली. मुद्दाम एका संगणकाच्या नोंदी बंद करून ठेवल्या होत्या. जुन्या वर्णनावर एजंटनं 'संशयास्पद लॉगिन आढळलं नाही' असं कळवलं होतं. या खेपेला त्यानं लिहिलं, 'लॉगिन आढळलं नाही. परंतु या संगणकाकडून मंगळवारपासून एकही नोंद आलेली नाही. निष्कर्ष काढण्यापूर्वी कुणीतरी तपासावं.'

यंदा वाचलेल्या गद्यात मला हा परिच्छेद सर्वांत आवडला. आमच्या शाखेच्या तपासणी अहवालांतही गेल्या वीस वर्षांत इतकं सरळ वाक्य आलेलं नाही. तिथं अजून 'सर्व काही ठीक आढळले' असंच लिहितात, आणि मागच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारत नाहीत.